दहाच्या पत्र्याखालची खोली

...तर पंचायतीचा तो तीस फुटी टेप चार फुटांवर तुटला, इथं काल आपण थांबलो होतो. हरिबाचं म्हणणं असं, की बाकीचा टेप मारुतरावांच्या बैलानं खाल्ला. हरिबा म्हणजे आमच्या ग्रामपंचायतीचा शिपाई. दवंडी तोच द्यायचा, नळाचं पाणी तोच सोडायचा आणि घरपट्टीसाठी घरंही तोच मोजायचा. सव्वीस फूट टेप बैलाच्या पोटात गेला असेल तर बैल त्यावर काही बोलला नाही. उरलेल्या चार फुटांनी हरिबानं दप्तराचा गठ्ठा बांधून टाकला. नवा टेप घ्यायचा ठराव झाला. तो ठराव अजून आहे.

मग घरं मोजायची कशी? हरिबानं आपली एक पद्धत बसवली. रस्त्यात उभं राहायचं, मान वर करायची आणि छपरावरचे पत्रे मोजायचे. पत्रा दहा फुटी असला की खोली दहा फूट लांब. एका पत्र्याची रुंदी अडीच फूट, तेव्हा चार पत्रे म्हणजे दहा फूट रुंद. दहा बाय दहा, लिहा. आत शिरायला नको, चपला काढायला नकोत, कुणाचं कुत्रं अंगावर यायला नको. एका सकाळी तो चाळीस खोल्या मोजायचा आणि न्याहारीला घरी असायचा.

खोल्या तरी किती झाल्या होत्या! आमचं गाव तळेगाव ढमढेऱ्याच्या जरा पुढं. रांजणगावला कंपन्या आल्या आणि पाच-सहा वर्षांत गावात कामगारांची रीघ लागली. कोणी लातूरकडचा, कोणी बिहारचा. ज्याच्या घरामागं मोकळी जागा होती त्यानं खोल्यांची रांग काढली. सरपंच मारुतरावांच्या बावीस, अनसाबाईच्या सात. माझ्याही तीन होत्या, उगाच लपवत नाही. आणि या सगळ्या खोल्या बांधल्या एका माणसानं, बद्रुद्दीन मिस्त्रीनं. त्याचीच गोष्ट सांगायला बसलोय, टेप मध्येच आला.

बद्रुद्दीनचे वडील गवंडी, आजा गवंडी. गावातल्या मशिदीचा ओटा आजानं बांधला आणि मारुतीच्या देवळाचा पार वडलांनी. बद्रुद्दीन उंचीला बेताचा, हाताला चुन्याच्या भेगा, गळ्यात ओळंब्याची दोरी. दोरीच्या टोकाचं ते पितळी वजन खिशात ठेवायचा. भिंत सरळ आहे की नाही ते बघायला दिवसातून शंभर वेळा काढायचा. बोलणं कमी. विचारलंत तर उत्तर द्यायचा, पण आधी हातातली थापी पाण्याच्या घमेल्यात ठेवायचा. एवढ्या वेळात विचारणाऱ्याला पश्चात्ताप करायला सवड मिळायची.

कारण माणूस खोटं बोलायचा नाही. म्हणजे बोलायचंच नाही असं त्यानं ठरवलेलं होतं असं नाही, त्याला ते जमत नसे. माझ्या न्हाणीघराची भिंत झाली तेव्हा मी कौतुकानं विचारलं, "मिस्त्री, किती वर्षं टिकंल हो?"

थापी घमेल्यात गेली. मिस्त्रीनं भिंतीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

"तुमच्यापेक्षा जास्त, आप्पा."

आमच्या मेहुण्यांनी एकदा स्वतः भिंत उभारली आणि मिस्त्रीला दाखवायला बोलावलं. तो म्हणाला, "चांगली हाय. वाकडी हाय." मेहुण्यांनी फक्त पहिलं वाक्य ऐकलं. भिंत पडली तेव्हा त्यांना दुसरं वाक्य आठवलं, पण ते पाहुण्यांच्या देखत.

आता खोल्यांचं गणित सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. दहा फुटी पत्रा भिंतीच्या बाहेर पुढं एक फूट काढावा लागतो, मागं अर्धा फूट. नाहीतर पाणी भिंतीत जातं. उरले साडेआठ. त्यातनं दोन्ही भिंतींची जाडी वजा करा. आत राहतात जेमतेम आठ. मिस्त्री प्रत्येक मालकाला काम धरायच्या आधी सांगायचा, "आत आठच व्हईल." प्रत्येक मालक म्हणायचा, "चालतंय, तुम्ही पत्रा दहाचा टाका." मलाही सांगितलं होतं. मी विसरून गेलो. विसरायला सोपं होतं, मी काही त्या खोलीत झोपत नव्हतो.

दोन हजार साली वरून एक कागद आला. कामगारांना भाड्यानं दिल्या जाणाऱ्या खोल्या किमान केवढ्या असाव्यात, याचा ग्रामपंचायतींनी विचार करावा आणि नियम ठरवावा. एक मेच्या ग्रामसभेत विषय निघाला. एरवी ग्रामसभेला सतरा माणसं, त्यातली नऊ पानाच्या टपरीवरून हाक मारून आणलेली. त्या दिवशी शाळेचा व्हरांडा भरला. गावात ज्याच्या ज्याच्या खोल्या होत्या तो आला होता. ज्या लोकांसाठी नियम होता ती पोरं कंपनीत पाळीला गेली होती.

कागद वाचला नव्या ग्रामसेवकानं. तो पुरंदरकडचा, येऊन महिनाच झाला होता. त्याला हरिबाची पद्धत ठाऊक नव्हती.

शाळेतले गुरुजी उठले आणि एका माणसाला एका तासात किती हवा लागते ते त्यांनी फळ्यावर मांडलं. उत्तर आलं तेव्हा त्यांनी ते पुसलं, कारण त्या हिशेबानं एका खोलीत दीड माणूस राहू शकत होता.

अनसाबाई म्हणाली, "माझ्या एकेका खोलीत पाच पोरं हायेत. पण तीन दिवसपाळीला, दोन रातपाळीला. खोली कवाच भरत न्हाई."

कोणीतरी मागून म्हणालं, "उंच हायेत ना गं तुझे बिहारी? त्यांचे पाय उंबऱ्याबाहेर असत्यात म्हणं."

"पायाला वारा लागतो," अनसाबाई म्हणाली. "म्हशीला आठ फूट लागतं, मानसाला तेवढं पुरंल की."

"म्हस रातपाळीला जात न्हाई, अनसाबाई."

आठ म्हणावं तर म्हशीची बरोबरी झाली असती. बारा म्हणावं तर कुणाच्यातच बसलं नसतं. मारुतराव उभे राहिले. टोपी काढली, परत घातली. "आपलं गाव कुणापेक्षा कमी न्हाई," ते म्हणाले. "माझं मत हाय, दहा बाय दहा. त्याच्यापेक्षा कमी खोलीची पंचायतीत नोंद व्हनार न्हाई. नोंद न्हाई तर विजेचा मीटर न्हाई. कामगार बी आपलीच लेकरं हायेत."

टाळ्या पडल्या. सगळ्यांनी हात वर केले, मीही केला. दप्तरात सगळ्यांच्याच खोल्या दहा बाय दहा होत्या. इतक्या एकमतानं आमच्या गावात ठराव झालेला मी आधी पाहिला नव्हता.

ग्रामसेवकानं ठराव लिहिला आणि सहज म्हणून विचारलं, "सध्या बांधकाम चालू असलेली, दहापेक्षा कमी खोली आहे का कुणाची?"

व्हरांड्याच्या कडेला खांबाला टेकून मिस्त्री बसला होता. हातात थापी नव्हती, त्यामुळं उत्तर लगेच आलं.

"माझी हाय. आतून नऊ बाय नऊ."

सगळ्यांनी माना वळवल्या. आख्ख्या गावाच्या खोल्या दहाच्या बांधणारा माणूस स्वतःची नऊची बांधतो, याचं लोकांना खरोखर वाईट वाटलं. अनसाबाई म्हणाली, "मिस्त्री, स्वतःच्या घरात हात आखडला व्हय?"

"जागा तेवढीच हाय, बाई."

"मग न्हाई व्हायची नोंद," मारुतराव म्हणाले. "नियम हाय. आत्ताच झालाय."

मिस्त्रीनं मान हलवली. गावातली सगळ्यात मोठी खोली त्याची होती, हे त्या व्हरांड्यात मोजून दोघांना ठाऊक होतं. एक तो आणि एक मी, त्याचं ते 'आत आठच' मला नेमकं तेव्हाच आठवलं होतं. आणि मी माझ्या तीन खोल्यांचा विचार करत होतो.

आता ही खोली एवढी महत्त्वाची का, ते सांगतो. मिस्त्रीचा मुलगा अनिस रांजणगावला एका कंपनीत हेल्पर होता. त्याचं राहू गावच्या निखतशी ठरलं होतं. निखतचे वडील अझरुद्दीनभाई ऊस तोलायच्या काट्यावर कामाला. गाडी भरून ऊस बघितला तरी हा माणूस "बरा दिसतोय" असं कधी म्हणायचा नाही, आकडा दिसेपर्यंत थांबायचा. त्यांची थोरली मुलगी ज्या घरात दिली होती तिथं जावयानं रस्त्याकडेला एक खोली काढली होती, बिननोंदीची. रस्ता रुंद झाला तेव्हा खोली गेली, आणि मुलगी सासू-सासरे-दीर यांच्याबरोबर एका खोलीत आली. म्हणून धाकटीच्या वेळी त्यांनी एकच अट घातली. सोनं नको, भांडी नकोत. "पोरीला वेगळी खोली, आन् खोलीचा पंचायतीचा उतारा. उतारा दाखवा, तारीख धरा."

ग्रामसभेच्या दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रीच्या घरी गेलो. शहजादीभाभी, म्हणजे त्याची बायको, दारातच उभी होती.

"या आप्पा. तुम्हीच विचारा यास्नी. आख्खं गाव दहा म्हणतंय, ह्यांनी दहा म्हणायला काय जीभ झिजली असती?"

"मोजलं असतं तर?" मिस्त्री आतून म्हणाला.

"कोन मोजतंय? हरिबा? त्यानं जन्मात कुनाच्या घरात पाय ठेवलाय?"

अनिस कोपऱ्यात बूट पुसत बसला होता. एकच बूट तो पाऊण तास पुसत होता. निखतचा फोटो त्यानं कंपनीच्या ओळखपत्रामागं ठेवलेला मी बघितला होता, पण मी तसं दाखवलं नाही.

मी म्हटलं, "मिस्त्री, एक सुचवू का? तुमच्या भिंती नऊ इंची. त्या साडेचार इंची करा. आतून वाढंल की."

त्यानं विचार केला. उठून भिंतीवर हात ठेवला.

"वाढंल, आप्पा. पन नवं जोडपं हाय. पातळ भिंतीतनं आमास्नी सगळं ऐकू येईल."

शहजादीभाभी पदर तोंडाला लावून चुलीकडं गेली. अनिसनं दुसरा बूट घेतला.

"मग सरपंचांना सांगा ना, की तुमच्या बी आठच्याच हायेत," मी म्हटलं. हे बोलायला मला जरा वेळ लागला.

"मला त्यांनी त्यांच्या खोल्यांचं कुठं विचारलं?" मिस्त्री म्हणाला. "माझ्या खोलीचं विचारलं."

त्यानंतर तो कुणाकडं गेला नाही, अर्ज केला नाही. चार दिवसांनी शिरूरहून टेम्पोतून पत्रे आणले. आतून नऊ फूट, नऊ इंची दोन भिंती मिळून दीड फूट, पुढं एक फूट, मागं अर्धा फूट. जसे इतरांच्या खोल्यांवर काढायचा, तसेच इथंही काढले. बेरीज झाली बारा. तेव्हा पत्रे बारा फुटी आणि रुंदीला पाच. खोलीला पत्रा घालायचा तर तेवढाच लागत होता.

सोमवारी हरिबा नव्या बांधकामांची यादी करायला निघाला. रस्त्यात उभा राहिला, मान वर केली. लांबी बारा. पाच पत्रे, साडेबारा. लिहिलं आणि न्याहारीला घरी गेला.

ग्रामसेवकानं यादी वाचली आणि चष्मा पुसला. ज्या माणसाची खोली नऊची म्हणून ग्रामसभेनं नाकारली, त्याची खोली आठ दिवसांत गावात सगळ्यात मोठी झाली होती. सरपंचांपेक्षा मोठी. तो पोरगा कामाचा पक्का होता. म्हणाला, जागेवर जाऊन बघू.

रविवारी सकाळी मिस्त्रीच्या दारात वीसेक माणसं जमली. ग्रामसेवक, मारुतराव, हरिबा, अनसाबाई, मी. आणि त्याच दिवशी राहूहून जीप बदलत बदलत अझरुद्दीनभाई आले, उतारा झाला का बघायला. मिस्त्रीनं त्यांना पाणी दिलं आणि खरं ते सांगितलं, की उतारा नाही. त्यांनी पाणी प्यायलं आणि तांब्या खाली ठेवला. अनिस दाराआड उभा होता.

ग्रामसेवकानं विचारलं, "हरिबा, बारा कुठून आणलेत?"

"वरून," हरिबा म्हणाला आणि पत्र्याकडं बोट केलं.

"पत्रा मोजलात तुम्ही?"

"मग काय मोजू?"

"खोली!"

"साहेब, पत्र्याखाली खोलीच हाय की. मोकळं थोडंच हाय."

ग्रामसेवकानं यादीची मागची पानं उलटली. मग त्यानं अगदी हळू विचारलं, "आणि गावातल्या बाकीच्या खोल्या?"

"त्या बी अशाच मोजल्यात. समद्यांना एकच नियम. मी कुनावर अन्याय केला न्हाई."

मारुतरावांनी टोपी काढली. अनसाबाई एकदम आभाळाकडं बघायला लागली. मी चपलेचा अंगठा नीट केला. तो तुटलेला नव्हता.

एवढ्यात अझरुद्दीनभाईंनी खिशातून पोलादी टेप काढला. काट्यावरचा माणूस, जिथं जाईल तिथं टेप बरोबर. हरिबानं तो अख्खा टेप असा बघितला, जसा एखादा लांबचा नातेवाईक बघावा. अझरुद्दीनभाई चपला काढून आत गेले. एक भिंत, दुसरी भिंत. मग कोपरा ते कोपरा, दोन्हीकडून. बाहेर आले.

"नऊ," ते म्हणाले. "दोन्हीकडनं नऊ. कोपरे काटकोनात. मला मिस्त्रींनी मागणीच्या दिवशी नऊच सांगितलं होतं. एक बोट कमी न्हाई." त्यांचा चेहरा खुलला होता. काट्यावर आकडा आणि पावती जुळली की खुलत असेल तसा. "पन गावचा नियम दहाचा हाय म्हंत्यात. मग दहाची खोली केवढी दिसती ते तरी बघू. कुठं हाय जवळ एखादी? सरपंच, तुमच्या बावीस हायेत ना?"

"भाडेकरू झोपल्यात," मारुतराव म्हणाले.

"बावीसच्या बावीस?"

"रातपाळी हाय."

"मग बाई, तुमची?"

"माझ्याकडं बी झोपल्यात," अनसाबाई म्हणाली. "काल लई काम पडलं म्हनं कंपनीत."

अझरुद्दीनभाई माझ्याकडं वळले. टेपची पट्टी त्यांच्या हातात चमकत होती. मी म्हणालो, "माझी किल्ली हरवलीय." हे मी का म्हणालो ते मला आजही सांगता येत नाही. माझ्या खोल्यांना कुलूपच नव्हतं.

मारुतराव पुढं झाले आणि त्यांनी ग्रामसेवकाच्या खांद्यावर हात ठेवला. "साहेब, लिहून टाका बारा. दप्तरात आलंय ते आलंय. हरिबा तीस वर्षं मोजतोय, आज त्याला खोटं पाडायचं का? उतारा द्या अन् मोकळं करा मिस्त्रींना."

आता पुढचं आधीच सांगून टाकतो, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. उतारा निघाला, लग्न जूनमध्ये झालं, राहूला, जेवणात दोनदा वाढलेला गूळभात मला अजून आठवतो. निखत त्या खोलीत नांदली, तिची दोन्ही लेकरं तिथंच रांगायला शिकली. आणि पुढच्या ग्रामसभेत तो ठराव दुरुस्त झाला. 'खोली किमान दहा बाय दहा असावी' याऐवजी 'खोलीवर किमान दहा फुटी पत्रा असावा' असं लिहिलं गेलं. तेही एकमतानं. माझ्या भाडेकरूंना मी त्या वर्षी तीन खोल्यांची मिळून एक पडवी काढून दिली, मिस्त्रीकडूनच. जास्त काही केलं असं म्हणत नाही.

पण त्या रविवारी हे काहीच ठरलेलं नव्हतं. ग्रामसेवकानं गुडघ्यावर वही ठेवून 'खोली, बारा बाय साडेबारा' असं लिहायला घेतलं. मालकाची सही लागणार होती. त्यानं वही आणि पेन मिस्त्रीपुढं धरलं. शहजादीभाभी दारात आली. अनिस दाराआडून पुढं आला. अझरुद्दीनभाई टेप गुंडाळायचे थांबले. मारुतराव म्हणाले, "करा मिस्त्री सही, सोयरे बी समोर हायेत, बरकत व्हईल." वीस माणसं त्या एका पेनाकडं बघत होती.

मिस्त्रीनं पेन घेतलं, वहीत काय लिहिलंय ते वाचलं आणि पेन परत ग्रामसेवकाच्या हातात दिलं.

"साहेब, 'पत्रा बारा' असं लिहा, आत्ता सही करतो. 'खोली बारा' लिहिली तर करायचो न्हाई. पोरगी नऊतच नांदायची हाय, आन् तिच्या बापानं आत्ताच मोजलंय."